किल्ली काढल्यावर

कुडतरीचं तळं ओलांडून डावीकडे तिसरं घर,
ओसरीवर दोन मांजरं असतील, शाणू मेस्त म्हणाला होता.
एकच होतं. गाडी मात्र होती,
माडाखाली नव्हे, शहाणपणानं पत्र्याखाली,
पेजेच्या निवळीचा रंग,
चौऱ्याऐंशी सालची, डिझेल,
बहारीनहून बोटीनं मुरगावात उतरलेली.

एर्मेलिंदाबाईंनी आधी आकडा सांगितला,
मग लिंबाचं पाणी आणलं.
"मोल उणें जावचें ना,"
आज बुधवार आहे, असं सांगावं
तशा म्हणाल्या.

मोल म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, बाई.
सावर्ड्याला माझे सहा टिपर होते,
दिवसाला सात खेपा,
घरातल्या उशासुद्धा खनिजानं तांबूस.
मग वर कुणीतरी सही केली.
पहिल्या वर्षी टिपरची किंमत अर्धी,
दुसऱ्या वर्षी नुसत्या टायरांएवढी,
चौथ्या वर्षी माणूस आला तो
सरळ काटा घेऊनच.
चेसीस नंबर त्यानं विचारला नाही.

म्हणून मला हवी होती एक तरी वस्तू
जिची किंमत पडायची तेवढी पडून झालीय,
जिच्या खाली आता पडायला जागा नाही.
बायकोला हे पटलं नाही.
तिला पांढरी, छोटी, हप्त्यांची हवी.
म्हटलं, ती शोरूमच्या फाटकातच लाखानं उतरते.
"पण एसी गार असतो," ती म्हणाली,
आणि ते खरंच आहे.

शाणू गाडीखाली शिरला. त्याचे पाय तेवढे बोलत राहिले:
चेसी बरी. डाव्या पत्र्याला खारं वारं लागलंय.
पुढची बुशं गेली. पण इंजिन, पात्रांव,
इंजिन आपल्या दोघांना पोचवून मग जाईल.

मी किल्ली फिरवायला गेलो
तर बाईंनी खिडकीतून हात घालून मनगटच धरलं.
"राव मात्शें."
काचेमागे नारिंगी वेटोळं पेटलं होतं,
ते विझेस्तोवर थांबायचं असतं.
आम्ही थांबलो. मांजरही.
बारा सेकंद असतील,
बँकेनं मला एवढे दिले नव्हते.
मग ती उठली, कुरकुरत, पोटातून,
आणि तो वास आला,
सहाही टिपरांचा, एकदम.

बॉनेटवर चांदणी असते तिथं भोक,
भोकात मेणाचा बोळा.
"चोरली?"
बाई आत गेल्या, रुमाल उलगडून दाखवली,
पुन्हा गुंडाळली.
"गाडी तुजी. हें म्हजें."
शाणूचं कोपर माझ्या बरगडीत:
चांदणीविना दहा हजार तरी तोड.
मी पुरते पैसे मोजले. का ते
त्याला अजून सांगता आलेलं नाही.

निघताना म्हणाल्या, एक खोड आहे तिला.
कसली ते नाही सांगितलं.

कुडचड्यात पोचलो तेव्हा वीज गेलेली,
बायको पायरीवर, हातात टॉर्च.
मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली,
उतरलो, दार लावलं.
गाडी चालूच.
शाणूला फोन लावला. तो हसायलाच लागला,
हवेची नळी कुठंतरी गळत असणार,
बॉनेट उघड, आत दांडा आहे, दाब.

"किल्ली कुठाय?" बायकोनं विचारलं.
मी तळहात उघडला. तिनं त्यावर टॉर्च मारला,
मग गाडीवर, मग परत तळहातावर.
"अहो, बंद करा ना. पैसे जळतायत."
करतो, म्हणालो.

सहाच्या सहा एका सहीनं थांबले होते.

करतो म्हणालो, आणि मेणाच्या बोळ्यावर
अंगठा ठेवून उभा राहिलो,
थरथर पार कोपरापर्यंत येत होती.